कमरेवरचा पोलीस

“नाताळच्या आठवड्यात नको बांधूस बाई,” सिस्टर किवेलू म्हणाली होती. “त्या आठवड्यात या डोंगरावर एकसुद्धा म्हातारा आजारी नसतो.”

अनासिया हसली होती. कडेवरच्या लेकीचं, एस्ताचं, नाक पुसता पुसता ती म्हणाली होती, “सिस्टर, तेवढाच आठवडा नवरा घरी असतो. एरवी पट्टा बांधायचा कुणी? मी?”

सासऱ्याच्या कमरेला सुनेनं हात लावायचा नसतो हे सिस्टरला कुणी शिकवायला नको होतं. तीही याच डोंगरावरच्या माचामे गावची लेक. तिनं सुस्कारा टाकला, पट्टा पिशवीत घालून दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पट्टा तसा साधाच. मागे माकडहाडाच्या वर येईल अशी काड्यापेटीएवढी डबी आणि दोन्ही घोट्यांना बांधायला घड्याळासारख्या दोन पट्ट्या. माणूस चालला की पाऊल केवढं पडतं, धड किती झुलतं, वळताना कुठे अडखळतो, हे सगळं ती डबी पोटात साठवून ठेवते आणि खाली शहरातल्या दवाखान्यातला संगणक ते वाचून काढतो. डॉक्टरासमोर चार पावलं सगळेच नीट टाकतात. खरी चाल कळते ती घरात, म्हणून हा खटाटोप.

अनासियाच्या सासऱ्याला, एलिसारिया म्हाताऱ्याला, कंपवात जडून काही वर्षं झाली होती. उजवा हात थरथरायचा. चेहरा हळूहळू लाकडी होत गेला होता. राग आला काय नि हसू आलं काय, वरून कळायचं नाही. दारातून आत शिरताना किंवा अरुंद जागी त्याचे पाय मधूनच जमिनीला डिंकानं चिकटवल्यासारखे व्हायचे. गोळीचा असर असेपर्यंत बरं चालायचं, उतरला की पुन्हा तेच.

अनासियाला मात्र त्या डबीकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. एस्ताला या माणसाच्या हातात द्यायचं की नाही?

जानेवारीत शाळा उघडणार होती. अनासिया गावच्या शाळेत शिकवायची. सासू होती तोवर चिंता नव्हती, पण सासू गेल्या मोठ्या पावसाळ्यात वारली. नवरा गॉडलिसन दूर दार शहरात गाड्यांचे सुटे भाग विकायचा. धाकटा मुलगा म्हणून आईबापाचं घर आणि केळी-कॉफीची बाग त्याच्या वाट्याची, म्हणजे म्हातारा त्याच्या बायकोच्या वाट्याचा. पोर सांभाळायला खालच्या सपाटीवरून एक मुलगी आणली होती, ती एस्ताला ओल्या दुपट्यात तशीच ठेवून फोनवर बोलत बसायची. अनासियानं तिला तिसऱ्याच दिवशी बसमध्ये बसवून दिलं. ती पोरीच्या बाबतीत अशीच होती. एस्ता झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायची, केळ्याचा घास आधी स्वतःच्या ओठाला लावायची, बाहेर कुत्रं भुंकलं तरी हातातलं काम टाकून धावायची. बायका हसायच्या. हसोत बापड्या.

“मी आहे ना घरात,” म्हातारा म्हणाला होता. “एस्ताची आई, मला नात सांभाळता यायची नाही असं वाटतं का तुला? पाच पोरं वाढवलीत मी.”

“पोरं आईंनी वाढवली, बाबा. तुम्ही कॉफी वाढवलीत.”

म्हाताऱ्याचा चेहरा हलला नाही, पण खांदे गदगदले. तो हसत होता. हसता हसता हातातल्या कपातला चहा मांडीवर सांडला, आणि अनासियाची नजर तिथंच अडकून राहिली.

*

नाताळला डोंगर भरून गेला. दारहून, आरुशाहून गाड्या येत राहिल्या आणि एरवी म्हाताऱ्यांची नि गाईंची असलेली घरं माणसांनी फुगली. गॉडलिसन नवे बूट घालून, आवाज चढवून आला. आल्या आल्या त्यानं बापाच्या कमरेला पट्टा बांधला.

“घ्या,” म्हातारा म्हणाला. “आयुष्यभर मी गाईंच्या गळ्यात घंटा बांधली, आता माझा नंबर लागला.”

“घंटा नाही बाबा, ही तुमची चाल लिहिते.”

“मग पोलीस म्हण की! कमरेवर बसून दवाखान्यात चुगल्या करणार.” तो डबीवर चापट मारून म्हणाला, “नीट बघ रे पोलिसा. बघ एलिसारिया कसा चालतो ते.”

आणि खरोखरच तो चालला. सणाच्या दिवशी चर्चला गेला तो काठी घरी ठेवून. परत आला तो चढ चढून. अंगणात बोकड सोललेला होता आणि केळीच्या पानांवर सगळी भावकी गोळा झाली होती. बोकडाचे वाटे घरच्या कर्त्यानं स्वतःच्या हातानं काढायचे, ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा, ही इथली रीत. हात चुकला तर सुरी थोरल्या मुलाकडे जाते, आणि एकदा सुरी गेली की घरात शब्दही जातो. मग म्हाताऱ्याला विचारून कुणी झाडसुद्धा तोडत नाही. थोरला मुलगा मागे उभाच होता, बाह्या सरसावून. त्याच्यावर तशी वेळच आली नाही. म्हाताऱ्याची सुरी सांध्यासांध्यातून लोण्यातून फिरावी तशी फिरली. थरथर नाही, अडखळणं नाही. छातीचा वाटा बाजूला निघाला, मग मांड्या, मग फऱ्या. थोरल्याच्या हातात त्याचा तुकडा ठेवताना म्हातारा म्हणाला, “बाह्या खाली कर. थंडी वाजेल.”

अंगण हसून लोळलं.

“तुझ्या हातच्या केळी-मटणाच्या म्तोरीचा गुण आहे हा,” थोरली जाऊ अनासियाच्या कानाशी लागली. “की दुसरीच काही पाला-मुळी पाजतेस म्हाताऱ्याला? आम्हालाही सांग, आमचे हे पन्नाशीतच कुरकुरायला लागलेत.”

अनासियाही हसली. एवढंच तिला दिसलं की म्हातारा बसल्याजागी नुसता स्थिर राहत नव्हता. मान आणि खांदे सावकाश डोलत होते, न वाजणाऱ्या ढोलाच्या तालावर डोलावेत तसे, आणि एक पाय आपल्याआप वळवळत होता. तिनं त्याच्या पुढ्यातल्या म्बेगेच्या भोपळ्याकडे पाहिलं. चढली असेल, ती मनात म्हणाली. सणाला केळ्याची दारू कुणाला चढत नाही?

संध्याकाळी म्हाताऱ्यानं एस्ताला मागून घेतलं. तिला छातीशी धरून त्यानं अंगणाला चक्कर मारली, वळला, परत आला. एस्ता त्याची दाढी ओढत होती. दारात उभी असलेली अनासिया श्वास रोखून त्याची पावलं बघत होती, आणि एकही पाऊल चुकलं नाही.

*

सण संपल्यावर पट्टा घेऊन ती म्हाताऱ्याबरोबर दवाखान्यात गेली. सिस्टर किवेलू रजेवर होती. तरुण डॉक्टरानं पडद्यावर रेघा दाखवल्या, एकसारख्या, टपोऱ्या, शाळेतल्या पहिल्या नंबरच्या पोरानं काढाव्यात अशा.

“उत्तम! या आजारात अशी चाल फार कमी बघायला मिळते. ही वळणं बघा, कुठे म्हणून अडखळ नाही. गोळ्या आहेत तेवढ्याच राहू द्या.”

“डॉक्टर,” अनासियानं विचारलं, “यांच्या हातात मूल दिलं तर चालेल ना?”

डॉक्टर पडद्याकडे बघूनच म्हणाला, “डबी तर हो म्हणते.”

बाहेर आल्यावर म्हातारा बोलला, “ऐकलंस? पोलीस माझ्या बाजूचा निघाला.”

आणि शाळा उघडली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग सकाळी त्याला पलंगावरून उठायला वेळ लागायला लागला. भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जायच्या आत बशीत पडायचा. एकदा ती परत आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा होता, आणि ती पाणी भरून आली तरी तिथंच होता.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही. विचार करतोय आत जावं की नाही. तुझं स्वयंपाकघर, विचारून जावं म्हटलं.”

ती हसली नाही. “गोळी घेतलीत ना?”

“घेतली की.”

गोळ्या त्याच्याच कोटाच्या खिशात असत. सासऱ्याच्या खिशात सुनेनं हात घालायचा नाही, त्याच्या शब्दावर शंकाही घ्यायची नाही. तिची नजर त्या खिशाकडे जायची. पण डोळ्यांपुढे त्या टपोऱ्या रेघा होत्या, आणि शिकलेल्या माणसाची ही एक खोडच असते: स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं वाटतं नि यंत्रानं काढलेलं खरं. मी उगाच घाबरते, तिनं स्वतःला समजावलं. सगळे म्हणतातच मी घाबरट आहे.

त्या दिवशी वर्गात मुलं गणितं सोडवत होती आणि तिला उगाचच घरी जावंसं वाटलं. मधल्या सुट्टीत ती निघाली. केळींच्या मधून उतरणारी पायवाट, खाली गोठा, आणि घराच्या नि गोठ्याच्या मधून वाहणारा पाट. डोंगरावरच्या बर्फाचं नि जंगलाचं पाणी आणणारा तो पाट आजोबा-पणजोबांनी खणलेला, दोन्ही बाजूंनी दगड लावलेला. त्यावर एक फळी.

फळीवर म्हातारा उभा होता. छातीशी एस्ता.

त्याला ताठ उभा बघून तिला आधी हायसंच वाटलं. वासरू दाखवायला नेतोय पोरीला. ती दोन पावलं पुढे आली आणि मग तिला दिसलं की तो हलत नाहीये. फळीच्या मधोमध, पाय एकमेकांना चिकटलेले, टाचा किंचित उचललेल्या, आणि गुडघे वाऱ्यात पान थरथरावं तसे थरथरताहेत. किती वेळ तो तसा उभा होता कोण जाणे. एस्ता रडतही नव्हती. ती रडून दमली होती.

“बाबा!”

तिच्या तोंडून हाक निघून गेली. हाकेकडे माणूस वळतो. म्हाताऱ्याचं डोकं वळलं, खांदे वळले, पाय वळले नाहीत.

पाटात पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. दगड होते. एस्ता खाली होती आणि म्हातारा तिच्यावर.

अनासिया पाटात उतरली. तिनं सासऱ्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली, ज्या कमरेला हात लावायचा नाही म्हणून सगळं झालं होतं त्याच कमरेला, आणि त्याला ओढून बाजूला टाकलं. धान्याचं पोतं टाकावं तसं. मग एस्ताला उचललं. एस्ताचा एक पाय सरळ होता, आणि दुसरा पाय जिथं वाकायला नको तिथं वाकला होता.

*

पोर जगली. मांडीचं हाड मोडलं होतं, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. दवाखान्याच्या खाटेवर ती पाठीवर पडून छताकडे बघत राहायची. धरून धरून उभं राहायला नुकतीच शिकली होती ती. म्हाताऱ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

सिस्टर किवेलू आली. म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन तिनं मनगट वाकवून पाहिलं. ते गंजलेल्या बिजागरीसारखं टप्प्याटप्प्यानं वाकलं.

“याच्या अंगात औषधच नाहीये,” ती म्हणाली. “गोळ्या कुठायत? पुढची तारीख यायची आहे, अजून उरलेल्या असायला हव्यात.”

या वेळी अनासियानं विचारलं नाही. सरळ त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. रिकामी पाकिटं होती, नीट घडी करून ठेवलेली.

तिनं गॉडलिसनला फोन लावला. गोळ्या संपल्याचं ऐकून तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“सणाला मी बघितलं होतं त्यांना. बोकड कापायच्या आधी गोठ्यामागे उभं राहून दोन-दोन गोळ्या तोंडात टाकत होते. त्या जास्तीच्या गोळ्यांनीच ते तसे डोलत होते. आधीचे कित्येक दिवस अर्धी अर्धी घेऊन वाचवल्या होत्या. मला म्हणाले, कुणाला बोलू नकोस, सणापुरतं आहे.”

“आणि तू बोलला नाहीस? तू स्वतःच्या हातानं पट्टा बांधलास त्यांना!”

“भावकीसमोर बापाची शोभा करू का मी? वाचवलेल्या पुरल्या नाहीत तर पुढच्या महिन्याच्या गोळ्यांतून भरून काढतील असं वाटलं. मला काय ठाऊक त्या डबीवर तू पोर सोपवणार आहेस!”

“तुला ठाऊक नव्हतं? गॉडलिसन, तुला ठाऊक नव्हतं?”

तिकडे मागे कुणीतरी गिऱ्हाईक ब्रेकचे पॅड मागत होतं.

*

घरी आल्यावर भावकीतला एक वडीलधारा दारात आला. त्याच्या हातात इसालेचं पान होतं, गाठ मारलेलं. बागेच्या कुंपणाला लावतात त्या झुडपाचं पान. ज्यानं अपराध केला तो ते पाठवतो, आणि ज्याला ते मिळतं त्याला नाही म्हणता येत नाही. रक्त सांडलं असलं तरी नाही. पण सासऱ्यानं सुनेला पान पाठवल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

“घे पोरी,” तो वडीलधारा खाली बघत म्हणाला. “एलिसारियाला स्वतः यायचं होतं. उभं राहवत नाही.”

तिनं पान घेतलं. पान घेतलं की विषय संपला, अशी रीत आहे. रीत पानाची असते, आतड्याची नसते. तिनं म्हाताऱ्याला वेळेवर जेवण दिलं, पाणी तापवून दिलं, आवाज चढवला नाही. फक्त एस्ताची चटई त्याच्या खुर्चीपासून लांब घातली, इतकी लांब की हात पुरू नये. एस्ता तिकडे बघून “बाबू, बाबू” अशी आजोबाला हाक मारायची. म्हातारा ओ द्यायचा नाही.

प्लॅस्टर निघालं. पाय किंचित आखूड राहिला. वाढत्या वयात भरून येईल, डॉक्टर म्हणाले. कदाचित येईल.

एक दिवस म्हाताऱ्याचं पांघरूण झटकताना त्याच्या घडीतून गोळ्या पडल्या. ओलसर, कडा विरघळलेल्या, तोंडात धरून मग बाहेर काढलेल्या. अनासिया त्या तळहातावर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“आता कुठल्या सणासाठी साठवताय, बाबा?”

म्हाताऱ्याचा आवाज आताशा इतका बारीक झाला होता की वाकून ऐकावं लागे. ती वाकली.

“साठवत नाही,” तो म्हणाला. “मला आता कुठं चालत जायचंय?”

तिला त्याला हलवावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, त्याच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही. त्यातली एक गोळी पुन्हा त्याच्या जिभेवर ठेवली, पाण्याचा पेला ओठाला लावला आणि तोंड उघडून बघितलं, एस्ताचं बघायची तसंच. जीभ उचला बाबा. हं.

सकाळी ती हे करते आणि संध्याकाळी करते. दुपारची गोळी राहते. दुपारी ती शाळेत असते, पाठीला एस्ता बांधून, फळ्यावर लिहिताना पोरीचा लंगडा पाय कमरेला लागत असतो. शेजारपाजारचे पूर्वी हाक मारून आत यायचे, ते आता कुंपणावरून मान फिरवून जातात. नातीचा पाय मोडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे त्यांना कळत नाही. थोरल्यानं सुरी नेली, ती नेलीच. गॉडलिसन पैसे पाठवतो आणि फोन लवकर ठेवतो. दुपारची गोळी चुकली की संध्याकाळपर्यंत म्हातारा खुर्चीत लाकूड होतो. माशी डोळ्यावर बसली तरी पापणी हलत नाही, आणि घास लागला तर खोकताही येत नाही.

तेव्हा तुमचं माचामेच्या वरच्या रस्त्यानं जाणं झालं, दुपारचं, तर चर्चच्या पुढच्या उताराला आत वळा. दार उघडंच असतं, दुपारची गोळी खुर्चीशेजारी ठेवलेली असते. शिकामो म्हणा, इथं वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात, आणि थांबा. उत्तर येतं, पण वेळ लागतो. त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागेल. तो म्हणेल, ठेवा तिथं, मी घेतो नंतर. ऐकू नका. गोळी त्याच्या हातावर ठेवून निघून जाऊ नका. पाणी पाजा, आणि तो गिळेपर्यंत तिथं बसा.